किडनीला ‘सूज’: गर्भातल्या निदानापासून बाळाच्या देखभालीपर्यंत मिळणाऱ्या सेवेचं परीक्षण

‘बाळाच्या किडनीला सूज आहे.’ पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीनंतर हे वाक्य महाराष्ट्रात अनेक आईवडिलांच्या कानावर पडतं, आणि पहिली गडबड या शब्दापासूनच सुरू होते. सूज म्हटलं की जंतुसंसर्ग, ताप, ठणका डोळ्यांसमोर येतो. इथे तसलं काही नसतं. किडनीत तयार होणारी लघवी आधी एका नरसाळ्यात जमते आणि तिथून मूत्रवाहिनीत उतरते. त्या नरसाळ्याचा, म्हणजे रीनल पेल्व्हिसचा, घेर वाढलेला दिसतो, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत हे दिसतं. बऱ्याच बाळांत ते आपोआप ओसरतं. थोड्या बाळांत मात्र मार्ग खरंच अडलेला असतो आणि वेळ दवडली तर किडनी गमवावी लागते. कोणतं बाळ कुठल्या गटातलं, हे ओळखण्यासाठीच पुढची सगळी सेवा असते: सोनोग्राफी, नवजात बाळाची तपासणी, एमसीयू (मूत्राशय आणि मूत्रमार्गाचा खास एक्स-रे), न्यूक्लिअर स्कॅन, लागलीच तर शस्त्रक्रिया.

ही सेवा आपल्याकडे कशी मिळते याचं हे परीक्षण आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. यंत्रं चांगली आहेत, मुंबई-पुण्यात हातही चांगले आहेत, शस्त्रक्रियेचा दर्जा उत्तम आहे. साखळी तुटते ती कागदावर. आईच्या फाइलमधला मिलिमीटरचा आकडा बाळाच्या फाइलमध्ये पोचत नाही, आणि त्या एका गळतीमुळे पुढचं चांगलं कामही उशिरा सुरू होतं.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी

अनॉमली स्कॅन १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होतो. चांगला रिपोर्ट कसा ओळखायचा? त्यात दोन्ही बाजूंचा आकडा असतो. उदाहरणार्थ: ‘गर्भ २० आठवडे. डावी रीनल पेल्व्हिस एपी ६ मिमी, उजवी ३ मिमी. कॅलिसेस फुगलेल्या नाहीत. दोन्ही किडन्यांची जाडी व पोत नॉर्मल. मूत्रवाहिनी दिसत नाही. मूत्राशय भरतं, रिकामं होतं, भिंत पातळ. गर्भजल पुरेसं.’ (एपी म्हणजे समोरून मागे मोजलेली रुंदी, कॅलिसेस म्हणजे नरसाळ्यात उघडणाऱ्या छोट्या वाट्या.) या पाच-सहा वाक्यांत पुढच्या डॉक्टरला लागणारं सगळं आहे. वाईट रिपोर्टात एकच ओळ सापडते: ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस, फॉलोअप ॲडव्हाइज्ड’, म्हणजे सौम्य फुगवटा, पुन्हा तपासा. कोणत्या बाजूला, किती, कशावरून माइल्ड, फॉलोअप कधी, यातलं काहीच नाही. असा रिपोर्ट हातात आला तर केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी आकडा लिहून मागावा. मोजमाप मशीनमध्ये असतंच. कागदावर उतरवायला दोन मिनिटं लागतात.

आकड्याचे उंबरठे लक्षात ठेवण्याइतके सोपे आहेत. २०१४ साली अनेक वैद्यक संघटनांनी मिळून ठरवलेल्या यूटीडी (मूत्रमार्गातला फुगवटा) वर्गीकरणात २८ आठवड्यांपूर्वी ४ मिमीच्या आत नॉर्मल, ४ ते ७ कमी जोखीम, ७ च्या वर जास्त जोखीम. २८ आठवड्यांनंतर हेच उंबरठे ७ आणि १० मिमी होतात. कॅलिसेसची टोकं फुगली असतील, मूत्रवाहिनी दिसत असेल, किडनीचा गर पातळ किंवा गाठाळ असेल, मूत्राशय जाड असेल किंवा गर्भजल कारण नसताना कमी असेल, तर आकडा छोटा असूनही बाळ वरच्या गटात जातं. म्हणून फक्त मिलिमीटरवर समाधान मानणारा रिपोर्टही अर्धाच.

मोजण्यात चूक होते ती अशी. बाळाचा कणा वर किंवा खाली असा आडवा छेद घेऊन, पेल्व्हिसचा किडनीच्या आतला भाग समोरून मागे मोजायचा असतो. छेद तिरका आला किंवा किडनीबाहेर लोंबणारा भाग मोजला, की ५ चे ८ होतात. बाळाचं मूत्राशय भरलेलं असेल तरीही पेल्व्हिस फुगलेली दिसते. गर्भाचं मूत्राशय साधारण अर्ध्या तासात भरून रिकामं होतं. आकडा उंबरठ्यावर असेल तेव्हा आईला थोडं थांबवून पुन्हा बघणारं केंद्र आमच्या मते पूर्ण गुणांचं.

आता एक खास आपल्याकडची अडचण. लघवीच्या मार्गातले सगळ्यांत गंभीर अडथळे निर्माण करणारी मागच्या मूत्रमार्गातली झडप, जिला डॉक्टर पीयूव्ही म्हणतात, फक्त मुलग्यांत असते. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने लिंग सांगायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे रिपोर्टात हे निदान थेट लिहिता येत नाही. जाणकार सोनोलॉजिस्ट ‘खालच्या मूत्रमार्गात अडथळ्याची शक्यता, मूत्राशय मोठं व जाड, कुलपाच्या भोकासारखा आकार’ असं लिहितात. हे शब्द पुरेसे आहेत. रिपोर्टात ते दिसले की लिंग विचारू नये. बालशल्यचिकित्सकाची आणि एनआयसीयूची सोय असलेल्या ठिकाणी बाळंतपण ठरवावं, तेही लगेच.

आणखी एका गोष्टीवर विनाकारण घबराट होते. एकट्या, सौम्य फुगवट्याचा डाउन सिंड्रोमशी असलेला संबंध कमकुवत आहे. पहिल्या तिमाहीची चाचणी नीट झालेली असेल आणि बाकी काही सापडलं नसेल, तर केवळ ५ मिमीच्या जोरावर पोटातून सुई घालून पाणी काढायचा सल्ला पटण्यासारखा नाही. आधी जनुकीय सल्लागाराशी बोलावं.

बाळंतपणापर्यंत

सौम्य फुगवटा असेल तर ३२ आठवड्यांच्या सुमारास एक सोनोग्राफी पुरते. दर पंधरा दिवसांनी बोलावणाऱ्या केंद्राला आम्ही कमी गुण देतो. त्यातून उपचार बदलत नाहीत, फक्त धास्ती वाढते. याउलट दोन्ही बाजूंना मोठा फुगवटा आणि कमी होत चाललेलं पाणी असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी बघावंच लागतं. चौथ्या महिन्यानंतर गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. ते कमी पडलं की फुप्फुसं वाढत नाहीत. जन्मल्यावर पहिला प्रश्न किडनीचा नसतो, श्वासाचा असतो.

गर्भातच मूत्राशयात नळी बसवून लघवी बाहेर काढण्याचा उपाय मोजक्या ठिकाणी होतो. त्याबद्दल अपेक्षा नेमकी हवी: पाणी वाढून फुप्फुसांना जागा मिळू शकते, पण आधीच बिघडलेला किडनीचा गर त्याने सुधारत नाही. दोन्ही किडन्या नसणं किंवा दोन्ही पूर्ण गाठाळ असणं, अशा वेळी कुटुंबासमोरचा निर्णय फार कठीण असतो. २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार गंभीर व्यंगासाठी २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. ही माहिती २० व्या आठवड्यातच शांतपणे देणं हा चांगल्या सेवेचा भाग आहे.

एका बाजूच्या फुगवट्यासाठी सिझेरियन लागत नाही. वेळेआधी कळा आणायचीही गरज नसते. लवकर जन्मलेल्या बाळाला त्या फुगवट्याहून मोठे त्रास होतात.

माहेर, सव्वा महिना आणि हरवलेला आकडा

इथे साखळी तुटते, म्हणून इथे जरा थांबू. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी सासरच्या गावी, समजा पिंपरीत. पहिलं बाळंतपण माहेरी, समजा परभणीकडे. सातव्या महिन्यात ओटभरण होऊन मुलगी माहेरी जाते तेव्हा बॅगेत साड्या असतात, बाळंतविडा असतो. फाइल बऱ्याचदा पुण्याच्या कपाटात राहते. माहेरच्या डॉक्टरांकडे नवा कागद सुरू होतो. त्यावर रक्तगट, हिमोग्लोबिन, शुगर सगळं असतं, पण ‘डावी ११ मिमी’ नसतं. बाळ तीन किलोचं, छान रडणारं, दूध पिणारं. डिस्चार्ज कार्डवर ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’. वरच्या तपासणीत किडनीचा दोष क्वचितच दिसतो. बाळ ठणठणीत दिसतं आणि सहा महिन्यांनी हुडहुडी भरून ताप आल्यावर सगळ्यांना तो रिपोर्ट आठवतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. माता व बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनाने एक ओळ: ‘३२ आठवडे, डावी किडनी एपी ११ मिमी, जन्मानंतर ३ ते ७ दिवसांत सोनोग्राफी.’ बाळाच्या डिस्चार्ज कार्डवर तीच ओळ उतरवून घ्यायची. रिपोर्टचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवायचा.

दुसरी अडचण सव्वा महिन्याची. बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, ही चाल अजून पाळली जाते, आणि एरवी त्यात विश्रांतीचा फायदाही आहे. पण या बाळांच्या दोन महत्त्वाच्या तपासण्या नेमक्या त्याच काळात येतात: पहिली पहिल्या आठवड्यात, दुसरी चार ते सहा आठवड्यांनी. पाचवीची पूजा आणि सोनोग्राफी एकाच दिवशी येऊ शकते, तेव्हा सकाळी सोनोग्राफी उरकून घ्यावी. आशाताई घरी येतात ते दिवसही जुळतात: दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा. कार्डावरची लाल ओळ आशाताईंना दाखवली तर तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटीत आठवण करून द्यायला घरात हक्काचं माणूस मिळतं. अस्तित्वात असलेल्या व्यवस्थेतला हा सगळ्यांत कमी वापरला जाणारा दुवा आहे.

जन्मानंतरची पहिली सोनोग्राफी

डिस्चार्जच्या घाईत दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी उरकली जाते. ती फसवी असते. पहिल्या ४८ तासांत बाळाला लघवी कमी होते, पेल्व्हिस रिकामी असते, फुगवटा आहे त्याहून छोटा किंवा नाहीच असा दिसतो. म्हणून इंडियन सोसायटी ऑफ पीडियाट्रिक नेफ्रॉलॉजीच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यानची सोनोग्राफी सांगतात, आणि ती नॉर्मल आली तरी चार ते सहा आठवड्यांनी दुसरी. ‘पहिली नॉर्मल आली, मग कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो. उत्तर त्या कमी लघवीतच आहे. दुसरीही नॉर्मल आली तर मात्र खुशाल निश्चिंत व्हावं.

अपवाद एकच, आणि तो तातडीचा. दोन्ही बाजूंना मोठा फुगवटा, जाड मूत्राशय, कमी गर्भजल किंवा एकच किडनी आणि तीही फुगलेली: या बाळांना तपासल्याशिवाय घरी सोडू नये. मुलाची धार चांगली दिसते म्हणून झडप नाही असं समजू नये. जाड झालेलं मूत्राशय जोर लावून धार काढू शकतं. आणि पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून निष्कर्ष काढू नये. तो आकडा बाळाचा नसतो, आईच्या रक्तातला असतो. काही दिवसांनी पुन्हा करावं, आकडा उतरतोय की चढतोय ते बघावं.

जन्मानंतर उंबरठे बदलतात: १० मिमीच्या आत नॉर्मल, १० ते १५ सौम्य, १५ च्या वर किंवा कॅलिसेसची टोकं फुगलेली असतील तर अधिक काळजी, आणि गर पातळ किंवा मूत्राशय बिघडलेलं असेल तर सर्वांत वरचा गट. गर्भात दिसलेला फुगवटा किती मोठा होता यावर जन्मानंतर खरा दोष सापडण्याची शक्यता ठरते. २००६ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात ती सौम्य गटात १२ टक्क्यांच्या आसपास, मध्यम गटात ४५ आणि तीव्र गटात ८८ टक्के निघाली. ‘काही नसतं, निघून जातं’ आणि ‘ऑपरेशन लागणारच’ ही दोन्ही उत्तरं सरसकट दिली जातात. आकडा न बघता दिलेलं कुठलंही उत्तर चूक.

औषधाची बाटली

मध्यम किंवा मोठा फुगवटा, किंवा फुगलेली मूत्रवाहिनी असेल तर तपासण्या पूर्ण होईपर्यंत रोज एक छोटा डोस अँटिबायोटिक देतात, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी. पहिले तीन महिने सेफॅलेक्सिन, दर किलोला रोज १० मिग्रॅ, शक्यतो रात्री एकदाच. नंतर कोट्रायमोक्झाझोल किंवा नायट्रोफ्युरँटॉइन. ती पहिल्या महिन्यांत टाळतात कारण कोट्रायमोक्झाझोलने काविळीचा धोका वाढतो आणि नायट्रोफ्युरँटॉइनने कोवळ्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

औषध स्वस्त आहे, गफलत बाटलीत होते. सेफॅलेक्सिन दोन रूपांत मिळतं: सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिग्रॅ, ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ. चार किलोच्या बाळाला ४० मिग्रॅ द्यायचं तर सिरप १.६ मिली, ड्रॉप्स फक्त ०.४ मिली. चिठ्ठीवर नुसतं ‘दीड मिली’ असेल आणि दुकानदाराने सिरपऐवजी ड्रॉप्स दिले, तर डोस चौपट होतो. म्हणून चिठ्ठीवर मिली आणि मिग्रॅ दोन्ही लिहून घ्यावं. दुसरं, ही कोरडी पूड असते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातल्यावर ती लेबलवर लिहिलेल्या दिवसांपुरतीच टिकते, बहुधा आठवडाभर. एकच बाटली महिनाभर पुरवली तर शेवटचे तीन आठवडे बाळाला बहुतेक गोड पाणीच मिळतं. बाटलीवर पूड कालवल्याची तारीख लिहायची, संपली नाही तरी फेकायची.

औषध चालू असतानाही ताप १००.४ अंशांच्या वर गेला तर आधी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी), मग अँटिबायोटिक. हा क्रम उलटा झाला की कल्चर कोरं येतं आणि संसर्ग होता की नव्हता हे कायमचं गूढ राहतं.

लघवीचा नमुना

या सगळ्या प्रवासातलं सर्वांत वाईट उत्पादन कोणतं, तर चिकटवायची प्लास्टिकची लघवीची पिशवी. वापरायला सोपी, म्हणून लॅब सर्रास देते. पण ती त्वचेवरचे आणि शीचे जंतू गोळा करते. पिशवीतलं कल्चर निर्जंतुक आलं तर त्याचा उपयोग आहे. जंतू आले तर त्याचा अर्थच लावता येत नाही. या खोट्या पॉझिटिव्हवरून बाळांना सुया लागतात, ॲडमिट व्हावं लागतं, एमसीयूसुद्धा होते.

त्यापेक्षा धार पकडणं बरं. बाळाला पाजून वीसेक मिनिटांनी कोमट पाण्याने पुसून घ्यायचं, एकाने बगलेत उभं धरायचं, दुसऱ्याने निर्जंतुक डबी घेऊन तयार राहायचं. गार सलाइनमध्ये भिजवलेला गॉज ओटीपोटावर गोल गोल फिरवला तर बऱ्याच बाळांना पाच मिनिटांत शू होते. पहिले थेंब सोडून मधली धार घ्यायची. डबी तासाभरात लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. जानेवारीतही खिडकीत ठेवायची नाही. बाळ तापाने आजारी असेल आणि थांबायला वेळ नसेल तर डॉक्टरांनी बारीक नळीने घेतलेला नमुना जास्त खात्रीचा.

एमसीयू: नावडती तपासणी

मूत्राशयात नळी घालून एक्स-रेत दिसणारं द्रव भरायचं आणि बाळ शू करत असताना फोटो घ्यायचे. लघवी उलटी किडनीकडे चढते का, आणि मूत्रमार्ग मोकळा आहे का, ही दोन उत्तरं ही तपासणी देते. झडपेचा संशय असेल तर पहिल्या २४ ते ७२ तासांत, एरवी चार ते सहा आठवड्यांनी. प्रत्येक फुगवट्याला ती लागत नाही. पेल्व्हिस १० मिमीच्या वर, कॅलिसेसपर्यंत फुगवटा किंवा मूत्रवाहिनी फुगलेली असेल तरच.

इथे केंद्राकेंद्रात सर्वांत मोठा फरक पडतो. चांगल्या केंद्रात आधीचं लघवी कल्चर निर्जंतुक असल्याची खात्री करतात आणि तपासणीच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस अँटिबायोटिक देतात. बारीक फीडिंग ट्यूब वापरतात. द्रव मोजून भरतात: तान्ह्या बाळाला दर किलोला सुमारे ७ मिली, म्हणजे चार किलोला तीसेक मिली, मोठ्या मुलांत वयाच्या वर्षांत २ मिळवून ३० ने गुणायचं. मग बाळाला तिरकं वळवून, शू चालू असताना, नळी बाहेर आल्यावरचा मूत्रमार्गाचा फोटो घेतात. हा शेवटचा फोटो म्हणजे तपासणीचा प्राण. बाळ शू करेना म्हणून कंटाळून तो न घेता रिपोर्ट दिला जातो: ‘रिफ्लक्स (उलटा प्रवाह) नाही, मूत्रमार्ग नॉर्मल.’ मूत्रमार्ग बघितलेलाच नसतो. रिपोर्टसोबत सगळ्या फिल्म किंवा सीडी मागावी आणि शू करतानाचा फोटो आहे ना, हे विचारावं. नसेल तर तीच तपासणी पुन्हा करण्याची पाळी बाळावर येते, आणि ती बाळाला खरंच दुखते.

ईसी आणि डीएमएसए स्कॅन

सोनोग्राफी आकार दाखवते. काम कोणती किडनी किती करते हे न्यूक्लिअर स्कॅन सांगतो. डीटीपीए, ईसी आणि डीएमएसए ही त्यासाठी शिरेतून टोचायच्या किरणोत्सारी औषधांची नावं. अडथळा बघायला डीटीपीएपेक्षा ईसी बरा. तान्ह्या बाळाची किडनी अपरिपक्व असते आणि ईसी तिच्यातून जास्त चांगला बाहेर पडतो, चित्र स्वच्छ येतं. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं होण्याआधी हा स्कॅन करू नये. डीएमएसएचं काम वेगळं: गरात जुन्या संसर्गाचा व्रण आहे का ते दाखवणं. तापाच्या संसर्गानंतर चार ते सहा महिन्यांनी तो करतात, आधी केला तर ताजी सूजही व्रणासारखी दिसते.

यात वापरलं जाणारं टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य सहा तासांत निम्मं होतं. म्हणून वेळ दिली असेल ती पाळावी. दुपारपर्यंत टाळाटाळ केली तर डोस उरत नाही. आपल्याकडच्या केंद्रांना जनरेटर (टेक्नेशियम मिळवायचं उपकरण) आणि औषधाचे किट पुरवणाऱ्यांत नवी मुंबईतल्या वाशीची ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था आहे. परदेशी मालावर सगळं अवलंबून नाही, ही जमेची बाजू. किरणांची मात्रा थोडी असते. स्कॅननंतर दिवसभर डायपर हातमोजे घालून बदलला आणि हात धुतले की पुरे.

स्कॅन फसतो कशाने? बाळ कोरडं असेल तर. मूत्राशय भरलेलं असेल तर. सुई शिरेबाहेर गेली तर. बाळ हललं तर. शेवटी बाळाला उभं धरून, शू झाल्यावरचं चित्र घेतलं नाही तर फुगीर पण मोकळ्या किडनीलाही ‘अडथळा’ असा शिक्का बसतो. औषध बाहेर पडताना दाखवणारा आलेखाचा वक्र उतरत नाही एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरवू नये. बघायचा आकडा आहे किडनीच्या कामाचा वाटा. ४० टक्क्यांच्या खाली, किंवा दोन स्कॅनमध्ये १० टक्क्यांहून जास्त घट, किंवा सोनोग्राफीत वाढत जाणारा फुगवटा, तेव्हा बालशल्यचिकित्सक शस्त्रक्रियेचा विचार करतात. ही घट खरी आहे हे कळण्यासाठी दोन्ही स्कॅन एकाच केंद्रात, एकाच औषधाने झालेले हवेत. पहिला नाशिकला डीटीपीए, दुसरा मुंबईत ईसी, मग तुलना होणार कशी?

शस्त्रक्रिया आणि नळ्या

पेल्व्हिस आणि मूत्रवाहिनीच्या सांध्यात अडथळा असेल तर पायलोप्लास्टी करतात: अरुंद तुकडा कापून पुन्हा रुंद जोडणी. पद्धत १९४९ पासूनची, यश ९० टक्क्यांच्या वर. या टप्प्याला आमचे सर्वाधिक गुण. परळच्या वाडिया बाल रुग्णालयासारख्या लहान मुलांच्या खास रुग्णालयांत आणि मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बालशल्यचिकित्सा विभाग आहेत. एक काळजी मात्र आईवडिलांनीच घ्यायची. जोडणीच्या आत डीजे स्टेंट (बारीक, मऊ नळी) ठेवला असेल तर तो चार ते सहा आठवड्यांत काढावा लागतो, त्यासाठी पुन्हा थोडी भूल लागते. बाळ हसतंखेळतं दिसतं आणि तारीख विसरते. राहिलेल्या स्टेंटवर खडे जमतात आणि साधं काम मोठ्या शस्त्रक्रियेवर जातं. डिस्चार्जच्याच दिवशी काढायची तारीख कार्डावर लिहून घ्यावी.

झडपेच्या बाळाची गोष्ट वेगळी. पहिलं काम मूत्राशय मोकळं करणं, आणि त्यासाठी ५ किंवा ६ नंबरची फीडिंग ट्यूब घालून चिकटपट्टीने पक्की करतात. फुगा असलेला फोलीज कॅथेटर टाळतात, कारण जाड, लहानशा मूत्राशयात फुगा टोचतो, पेटके येतात आणि मूत्रवाहिन्यांची तोंडं दाबली जातात. लघवी सुटल्यावर ती धो धो होते, सोडियम-पोटॅशियम घसरतं, सलाइन तासातासाला मोजून द्यावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी ट्यूब घालून बाळ पुढे पाठवणं ही उत्तम सेवा आहे; ट्यूब न घालता पाठवणं ही नव्हे. नंतर दुर्बिणीने झडप जाळतात. मूत्रमार्ग फारच बारीक असेल तर पोटावर मूत्राशयाचं तोंड काढून ठेवतात.

झडप गेली म्हणजे आजार गेला, हा समज तोडायला हवा. पहिल्या वर्षात क्रिएटिनिन ०.८ च्या खाली उतरलं तर पुढचा अंदाज चांगला. तरीही मूत्राशयाचं काम आणि किडनी, दोन्हीवर मोठेपणापर्यंत नजर ठेवावी लागते. एक बारकावा घरच्यांनी पक्का लक्षात ठेवावा: या मुलांच्या किडनीला लघवी दाट करता येत नाही. जुलाब लागले तरी डायपर ओला होतच राहतो. ‘लघवी होते आहे, म्हणजे पाणी कमी झालं नाही’ हा एरवीचा ठोकताळा इथे उलटतो. जुलाब-उलटी सुरू झाल्यावर या बाळाला त्याच दिवशी दाखवायचं.

काहीच न करणं हीसुद्धा सेवा

एक किडनी पूर्ण गाठाळ आणि निकामी, म्हणजे एमसीडीके, असेल तर बहुतेक वेळा ती वर्षांमागून वर्षं आकसत जाते आणि काढायची गरज पडत नाही. ‘पुढे कॅन्सर होईल, काढून टाकू’ असा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्यावं. लक्ष द्यायचं ते चांगल्या किडनीकडे: तिचा आकार वयाबरोबर वाढतोय का, तिच्यात उलटा प्रवाह आहे का. जन्मतः एकच किडनी दिसते म्हणतात तेव्हा दुसरी ओटीपोटात लपलेली नाही ना, हे डीएमएसएने बघून घ्यावं.

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला, पण त्याच्या जन्मजात दोषांच्या मूळ यादीत किडनीचे दोष नाहीत. म्हणून अंगणवाडीतल्या तपासणीत ते सापडतील या भरवशावर राहू नये. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, कोणती कागदपत्रं लागतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावं. नंतर विचारलं तर मंजुरी अडकते.

बाह्यरुग्ण विभागात सगळीकडे राहून जाणारी गोष्ट म्हणजे रक्तदाब. वजन होतं, उंची होते, बीपी होत नाही, कारण लहान मुलांचा पट्टा कपाटात असतो. मोठ्या माणसाचा पट्टा बाळाच्या दंडाला गुंडाळला तर आकडा खोटा, कमी येतो. पट्ट्याच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के हवी. किडनीचा दोष असलेल्या मुलाचा रक्तदाब दर भेटीत आणि लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा बघावं. ताप आला तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि हे औषधाच्या दुकानात आपणहून सांगावं, कारण चिठ्ठी नसली की काउंटरवरून बहुधा तीच बाटली पुढे येते.